सरोवराकाठचा किल्ला आणि टेकडीवरचे गाव

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकेने बोलायचे म्हणजे शाळेचा इतिहास सांगायचा, अशी आपली अपेक्षा असणार. तो इतिहास माझ्याआधीच्या दोन वक्त्यांनी उत्तम रीतीने मांडला आहे. मी आज एका सहलीविषयी बोलणार आहे. एका दिवसाची सहल. सकाळी निघून रात्री परत. आपल्या इंदूरपासून फार दूरच्या देशातली. तिचा शाळेशी काय संबंध, असे काहींना वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते.

माझी भाची स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे संशोधन करते. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेले होते. एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, तू इतिहास शिकवतेस ना? तुला एक किल्ला दाखवते आणि एक जुने गाव." सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. डावीकडे डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, उजवीकडे लेमाँ सरोवर, ज्याला आपण जिनिव्हाचे सरोवर म्हणतो. माँत्रो शहर मागे टाकले आणि थोड्याच वेळात किनाऱ्यालगतच्या खडकावर उभा असलेला शियोंचा किल्ला दिसला. इंग्रजी कवितेच्या वाचकांना तो 'शिलॉन' म्हणून ठाऊक आहे.

किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचे कडे येतात. हा किल्ला तसा नाही. तो पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो. किनाऱ्यापासून इतका जवळ की मध्ये केवळ एक खंदक आणि त्यावरचा छपराचा लाकडी पूल. मला महेश्वरची आठवण झाली. भिंतीचे प्रतिबिंब पाण्यात पडलेले असले की दगडसुद्धा सौम्य वाटू लागतो. पण त्याची रचना बारकाईने पाहिली तर तिच्यात पक्का हिशेब दिसतो. जमिनीकडची बाजू युद्धाची: बुरूज, जंग्या, अरुंद झरोके. सरोवराकडची बाजू राहण्याची: मोठ्या खिडक्या, दालने, रंगवलेल्या भिंती. शत्रू येणार तो रस्त्याने, आणि रस्ता डोंगर व पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाणार. इटलीकडून आल्प्स ओलांडून उत्तरेकडे जाणारा व्यापार याच वाटेने होई. येथे बसून जकात घेणाऱ्याला दुसरे काही करण्याची गरज नव्हती.

या किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख ११५० सालचा आहे. तेव्हा तो सव्हॉय घराण्याच्या ताब्यात होता. तेराव्या शतकात या घराण्यातील पिएर दुसरा याने त्याचा विस्तार केला. १५३६ मध्ये बर्नच्या सैन्याने तो जिंकला आणि पुढे १७९८ पर्यंत, म्हणजे २६२ वर्षे, तो बर्नकडे राहिला. हा आकडा कृपया लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

शियोंला येणारा प्रत्येक जण तळघरात उतरतो. खडकाला टेकून बांधलेले लांबट दालन, मधोमध खांबांची रांग, वर कमानदार छत. भिंतीतल्या फटींमधून आत येणारा उजेड सरोवरावरून परावर्तित झालेला असतो, त्यामुळे छतावर पाण्याच्या लाटा हलत राहतात. इतके सुंदर तळघर मी पाहिलेले नाही, आणि येथे माणसे साखळदंडाने बांधली जात हे आठवले की त्या सौंदर्याचीच भीती वाटते. फ्रान्स्वा बोनिवार नावाचा जिनिव्हाचा एक मठाधिपती १५३० ते १५३६ येथे कैदेत होता. सव्हॉयच्या ड्यूकविरुद्ध तो जिनिव्हाच्या नागरिकांच्या बाजूने उभा राहिला, हा त्याचा अपराध. पहिली दोन वर्षे त्याला बरी वागणूक मिळाली. पुढची चार या तळघरात गेली. फिरायला इतका अवकाश मिळाला की खडकात आपल्या पावलांची वाट उमटली, अशा अर्थाचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

१८१६ च्या जून महिन्यात कवी बायरन आपला मित्र शेली याच्यासह येथे आला आणि त्याने शिलॉनच्या कैद्यावरची आपली प्रसिद्ध कविता लिहिली. एका खांबावर बायरनचे नाव कोरलेले आहे आणि ते जपून ठेवले आहे. (आपल्या शाळेच्या बाकांवर कोरलेली नावे जपून ठेवावीत काय, हा प्रश्न मी तूर्त राखून ठेवते. मागच्या रांगेने हसू नये.) बायरनला त्या वेळी बोनिवारचा खरा इतिहास पुरता ठाऊक नव्हता, हे त्याने नंतर मान्य केले. त्याच्या कवितेतला कैदी भावांसह कोठडीत पडलेला आहे आणि शेवटी सुटतानाही सुस्कारा टाकतो. खरा बोनिवार सुटला, जिनिव्हाला परतला आणि भरपूर जगला. त्याने त्या शहराचा इतिहास लिहिला, आपली ग्रंथसंपदा शहराला दिली, आणि १५६३ च्या सुमारास चक्क भाषांविषयी एक ग्रंथ लिहिला. किल्ल्यात बायरनचे नाव शोधायला गर्दी होते. मला मात्र तुरुंगातून सुटून भाषांवर विचार करणारा तो म्हातारा अधिक जवळचा वाटला. एम. ए. ला बायरन अभ्यासला त्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते.

आता त्या २६२ वर्षांकडे येते. शियों ज्या प्रदेशात आहे तो व्हो प्रांत फ्रेंच भाषक आहे. बर्नचे राज्यकर्ते जर्मन भाषक. अडीच शतकांहून अधिक काळ परभाषक राज्यकर्ते, त्यांचे सुभेदार, त्यांचे कायदे, त्यांनी आणलेला सुधारित धर्मपंथ. तरीही आज त्या किनाऱ्यावर सर्वत्र फ्रेंचच ऐकू येते. मी भाचीला विचारले, हे कसे घडले? तिने शियोंच्या अंगणातच मला लोझानच्या विद्यापीठाचा जन्म सांगितला. ते विद्यापीठ १५३७ मध्ये अकादमी म्हणून सुरू झाले आणि ते सुरू केले बर्नच्या राज्यकर्त्यांनी. नवा धर्मपंथ खेड्यापाड्यांत रुजवायचा तर धर्मोपदेशक लोकांच्या भाषेत बोलणारे हवेत. म्हणून फ्रेंच भाषक प्रदेशासाठी धर्मोपदेशक तयार करणारी शाळा. जेत्याने जित लोकांची भाषा पुसली नाही, कारण ती पुसून त्याचे काम झाले नसते. यात औदार्य फारसे नव्हते, व्यवहार होता. पण मुलांच्या वाट्याला भाषा आली.

येथपर्यंतची गोष्ट आपल्यासारख्यांना सुखावणारी आहे. अठराव्या शतकात मराठी माणूस माळव्यात आला. संस्थाने गेली, राज्ये बदलली, कचेऱ्यांची भाषा बदलली, आणि आपण अजून येथे मराठीत भाषणे करतो आहोत. मीही मनाशी म्हटले, परतल्यावर हीरक महोत्सवात सांगायला चांगला दाखला मिळाला. दुपारी जे ऐकले ते ऐकले नसते, तर आज मी तेवढेच सांगून खाली बसले असते.

माँत्रोहून निघणारी लहान रुळांची गाडी डोंगरावर वळणे घेत चढते. सरोवर कधी या खिडकीत, कधी त्या. मग एक लांब बोगदा येतो आणि पलीकडे दुसरेच जग उघडते: कुरणे, गाई, लाकडी घरे. हीच गाडी पुढे गेली की रूझमों गावानंतर जर्मन भाषक प्रदेश सुरू होतो. आम्ही त्याआधीच माँबोव्हों येथे गाडी बदलून ग्रुयेरला उतरलो. आता आम्ही फ्रिबुर प्रांतात होतो.

स्थानकासमोरच चीज तयार करण्याचा कारखाना आहे आणि तो काचेआडून पाहता येतो. तांब्याच्या प्रचंड कढया, त्यांत फिरणारे दूध, आणि तळघरात फळ्यांवर मांडून ठेवलेली चाके. एका चाकाचे वजन साधारण ३५ किलो आणि त्याला दूध लागते सुमारे ४०० लिटर. निदान पाच महिने ते मुरते. दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात हे कळल्यावर माझ्यासारख्या शाकाहारी बाईला वासावरच समाधान मानावे लागले. तेथली प्रसिद्ध मिठाईही अंड्याची निघाली. मी नुसती दाट साय आणि रासबेरी खाल्ली, आणि माझी कीव करण्याचे काही कारण नाही असे नमूद करते.

गाव टेकडीवर आहे. स्थानकापासून चढून जावे लागते. वेशीतून आत शिरले की एकच रुंद, दगडगोट्यांनी फरसबंद केलेला रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी घरे, मधोमध कारंजे, आणि रस्त्याच्या टोकाला तेराव्या शतकातला किल्ला. चपला घालून जाऊ नये, एवढा सल्ला देते. रस्त्यात धान्य मोजण्याची दगडात कोरलेली जुनी मापे आहेत. बाजाराच्या दिवशी कोणी कोणाला फसवू नये म्हणून माप दगडात आणि दगड सर्वांच्या डोळ्यांदेखत, ही कल्पना मला फार आवडली. या गावावर एकोणीस सरदारांनी पाच शतके राज्य केले. शेवटचा मिशेल १५५४ मध्ये दिवाळखोर झाला आणि त्याचे सावकार असलेल्या बर्न आणि फ्रिबुर या दोन शहरांनी त्याची जहागीर वाटून घेतली. लढाईत हरलेल्या राजांचे किल्ले आपण पुष्कळ पाहतो; कर्जात बुडालेल्याचा हा मी पहिलाच पाहिला. आत सरदारांच्या दालनांपासून पुढच्या शतकांतल्या चित्रकारांच्या खोल्यांपर्यंत सगळे आहे. किल्ल्याच्या वाटेवर एका आधुनिक कलावंताचे परग्रहावरील अक्राळविक्राळ प्राण्यांचे संग्रहालय आहे. मध्ययुगीन गावात ते का, हे मला कळले नाही आणि मी आत गेले नाही.

किल्ला पाहून आम्ही चर्चजवळच्या बाकावर विसावलो. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी बसल्या होत्या. साडीमुळे त्यांनी बोलायला सुरुवात केली. त्यांचे फ्रेंच भाची मला मराठीत सांगत होती. मध्येच शब्द अडला की हिंदीत सांगत होती, जसे आपण सगळे करतो. मी कोण हे विचारल्यावर भाची म्हणाली, शाळेत मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्या प्रदेशात भाषा वेगळी आहे आणि त्यांच्या शाळेतली भाषा वेगळी आहे. आजींनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "माझे वडील माझ्या आजीशी पात्वा बोलत. गाईंशी पात्वा बोलत. आम्हां मुलांशी फ्रेंच."

पात्वा म्हणजे काय, ते थोडे सांगते. शियोंच्या काठावर आणि ग्रुयेरच्या कुरणांत सामान्य माणूस शतकानुशतके जी भाषा बोलत होता ती पॅरिसची फ्रेंच नव्हे. फ्रेंच ही लिहिण्याची, चर्चमधल्या प्रवचनाची, कागदपत्रांची भाषा. घरात, शेतात, गोठ्यात बोलली जाई ती पात्वा. लोक तिला बिघडलेली फ्रेंच समजत. १८७० च्या दशकात इटालियन भाषाशास्त्रज्ञ आस्कोली यांनी दाखवून दिले की ही फ्रेंचची बिघडलेली लेक नाही. लॅटिनपासून स्वतंत्रपणे निघालेली तिची बहीण आहे. तिला आज फ्रँको-प्रोव्हान्साल म्हणतात. पण शाळांना तेवढा धीर नव्हता. व्हो प्रांत १७९८ मध्ये बर्नच्या सत्तेतून मुक्त झाला आणि १८०६ मध्ये त्याच्या स्वतःच्या सरकारने शिक्षकांना शाळेत पात्वा वापरण्यास मनाई केली. फ्रिबुरने तसाच नियम १८८६ मध्ये केला.

मंडळी, २६२ वर्षे आणि आठ वर्षे. परक्यांच्या राज्यात जी बोली घराघरांत टिकली, तिला स्वतःच्या राज्याने आठ वर्षांत शाळेच्या दाराबाहेर उभे केले. आणि हे कोणी दुष्टाव्याने केले नाही. ते लोक शिक्षणाचे कैवारी होते. खेड्यातल्या मुलाला पुस्तके वाचता यावीत, कोर्टात बोलता यावे, शहरात कोणी हसू नये, ही त्यांची कळकळ होती. नियम राबवणारे होते शिक्षक. माझ्याच पेशाचे, माझ्यासारखेच, मुलांचे भले चिंतणारे.

आजींना त्यांच्या बालपणी शाळेत पात्वाचा शब्द तोंडातून गेला तर शिक्षा होई. पुढे त्यांनी आपल्या मुलांना ती शिकवलीच नाही. "कशासाठी? मार खायला?" एवढेच त्या म्हणाल्या. मग त्यांनी गुराख्यांच्या गाण्याची धून हलकेच गुणगुणली. या गाण्याची एक ख्याती आहे. रुसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहिले आहे की परदेशी सैन्यात नोकरी करणाऱ्या स्विस शिपायांना ते वाजवण्याची बंदी होती, कारण ते ऐकून शिपाई रडत, पळून जात. ते गाणे पात्वात आहे. जवळच्या व्हव्हे गावात द्राक्षमळेकऱ्यांचा महोत्सव वीस-पंचवीस वर्षांतून एकदा भरतो. २०१९ मध्येही तेथे हे गाणे झाले आणि ऐकताना सबंध प्रेक्षागार भारावून जाते, असे भाचीने सांगितले. आता तर स्वित्झर्लंडच्या सरकारनेही २०१८ मध्ये या भाषेला अधिकृत मान्यता दिली आहे. गाणे राहिले, मान्यता मिळाली. गाईंशी बोलणारे वडील मात्र आता नाहीत.

परतीच्या गाडीत भाची झोपली. मला झोप आली नाही. मला एक निबंध आठवत होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सातवीचा मराठीचा तास घेत होते. 'माझी आजी' या विषयावर मुले निबंध वाचून दाखवत होती. एका मुलाने वाचले, "मी शाळेतून येतो तेव्हा माझी आजी दारात माझी वाट पाहून राहिली असते." मी त्याला थांबवले. "वाट पाहून राहिली असते नाही, वाट पाहत असते. हिंदी मिसळू नकोस. शुद्ध बोल." वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन. त्याने वाक्य दुरुस्त केले आणि पुढचे न वाचताच खाली बसला. पुढच्या निबंधात त्याने लिहिले, "माझी आई प्रेमळ आहे. ती मला चांगल्या गोष्टी सांगते. मला माझी आई फार आवडते." व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी दहापैकी आठ गुण दिले.

'पाहून राहिली' ही रूपे नागपूर-वऱ्हाडात आहेत, आपल्या माळव्यातल्या जुन्या घरांत आहेत. त्या मुलाची आजी ती वापरत होती, तिची आजीही वापरत असणार. मी मराठीची एम. ए.; मला हे ठाऊक होते. भाषाविज्ञानाच्या पेपरात मी त्यावर लिहिलेही होते. वर्गात मात्र माझ्या हातात लाल पेन होते.

प्रमाण मराठी शिकवायची नाही, असे मी म्हणत नाही. ती शिकवलीच पाहिजे. ती नसेल तर आमच्या मुलांना पुस्तके परकी होतील, आणि साठ वर्षे या शाळेने ते काम निष्ठेने केले आहे. पण बाहेर हिंदी, वर इंग्रजी, आणि शाळेत आलेल्या मुलाला त्याच्या घरचे मराठीही चूक, तर त्या मुलाने मराठीत उभे राहायचे कुठे? पूर्वी आपल्याकडे प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या, आता एक आहे. त्याची कारणे आपण दर सभेत मोजतो: इंग्रजी माध्यम, नोकऱ्या, बदललेला काळ. ती सगळी खरी आहेत. त्या यादीत माझे नाव कधी कोणी घातले नाही, म्हणून आज मी ते स्वतः घालते आहे.

भारतात परतल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेले. तो आठवीनंतर शाळा सोडून गेला होता. आता दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या माध्यमात शिकतो. तो घरी नव्हता. आजी दारातच होत्या. त्यांनी मला ओळखले, बसायला दिले, चहा केला. मी नातवाची चौकशी केली. त्या म्हणाल्या, "चांगला शिकून राहिला आहे. पण माझ्याशी आता हिंदीतच बोलतो. त्याचं मराठी चुकतं म्हणे."

मी चहा संपवला. त्यांना म्हटले, शाळेत याल का? मुलांना गोष्टी सांगायला. त्या म्हणाल्या, मला शाळेतलं मराठी येत नाही. मी म्हटले, तेच हवे आहे. त्या आल्या. त्यांच्यानंतर आणखी काही आज्या आल्या, एक आजोबाही आले. मुलांनी त्यांच्या गोष्टी ऐकून तशाच उतरवून घेतल्या आहेत, आणि त्या आपल्या स्मरणग्रंथात छापल्या जाणार आहेत. मुद्रितशोधकांनी त्या पानांवर समासात बऱ्याच खुणा करून पाने परत पाठवली होती. मी सर्व खुणा खोडून पाने जशीच्या तशी छपाईला दिली आहेत.